पहिली मोटारसायकल घेताय? सीसी नंतर, आधी पाय टेकतो का ते बघा

चारकोप (मुंबई) : गावाकडून कामाला आलेल्या पोरांचा मुक्काम कांदिवली पश्चिमेच्या चारकोपमध्ये मामाच्या नाहीतर चुलत्याच्या खोलीवर पडतो. कुणी डिलिव्हरीला लागतं, कुणी दुकानात, कुणी मालाडच्या ऑफिसात. दोन-तीन पगार हातात आले की गावाला फोन जातो, "बाबा, हप्ते मी भरतो, तुम्ही फक्त डाऊन पेमेंटचं बघा." गाडी कोणती ते पोराने मोबाईलवर आधीच ठरवलेलं असतं. घरून प्रश्न येतो तो एकच, ॲव्हरेज किती देते?

प्रश्न चुकीचा नाही, पण तो दुसऱ्या नंबरचा आहे. ज्याने आजवर गिअरची गाडी रोज चालवलेली नाही, त्याला ती गाडी सावरता येईल का, हे आधी विचारायला हवं. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार 2022 साली देशात रस्ते अपघातात 1 लाख 68 हजार 491 माणसं गेली. त्यातली जवळपास 45 टक्के दुचाकीवरची होती.

गाडीच्या आधी लायसन. 18 पूर्ण असतील तरच गिअरच्या मोटारसायकलचं लर्निंग निघतं. पोरगं 17 चं असताना हातात चावी दिली आणि त्याच्याकडून काही घडलं, तर कायदा पालकाला किंवा गाडीमालकाला जबाबदार धरतो. 25 हजार दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीचं रजिस्ट्रेशन वर्षभरासाठी रद्द, आणि त्या पोराला 25 वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. "गावात कोण बघतंय" म्हणणाऱ्यांनी हे एकदा वाचून ठेवावं.

आणखी एक गोष्ट हमखास राहते. मैत्रिणीची नाहीतर बहिणीची स्कूटी नेऊन टेस्ट दिली, तर मिळणारं लायसन बिनगिअरच्या गाडीचंच असतं. त्यावर मोटारसायकल चालवली तर ते विनालायसन चालवल्यातच जमा, दंड 5 हजार. अपघात झाला तर विम्याचा क्लेमही अडकू शकतो. अर्ज भरतानाच 'मोटारसायकल विथ गिअर' हा प्रकार निवडायचा. एमएच 47 चं बोरिवली आरटीओ कार्यालय चारकोपमध्येच आहे, त्यामुळे इथे राहणाऱ्याला लांब जावं लागत नाही. लर्निंग सहा महिने चालतं आणि पक्क्या लायसनसाठी किमान 30 दिवस थांबावं लागतं. हे 30 दिवस फुकट घालवू नयेत. मामाची जुनी 100 सीसी घ्यावी, पुढे-मागे लाल एल लावावा, मागे लायसनवाला जाणता माणूस बसवावा आणि रविवारी सकाळी सेक्टरच्या आतल्या रस्त्यांवर क्लच आणि ब्रेकचा हात बसवावा. गाडी कोणती घ्यायची याचं निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

आता गाडी. शोरूममध्ये गेल्यावर पहिल्यांदा सीटवर बसायचं आणि दोन्ही पाय खाली सोडायचे. दोन्हीकडे निदान चवडे पक्के टेकले पाहिजेत, एक तळवा पूर्ण टेकला तर उत्तमच. मुंबईत गाडी पळते कमी आणि थांबते जास्त. लिंक रोडला सिग्नल, बेस्टची बस, मध्येच वळणारी रिक्षा, पावसात निसरडे झालेले पेव्हर ब्लॉक. नवा माणूस पडतो तो पुष्कळदा उभ्या गाडीवरूनच, पाय टेकवायला जागा सापडत नाही म्हणून. स्प्लेंडरची सीट जमिनीपासून साधारण 785 मिलिमीटरवर असते, क्लासिक 350 ची 805 वर. फरक दोन बोटांचा, पण पाच फूट दोन इंचांच्या पोराला किंवा पोरीला तो चांगलाच जाणवतो.

मग वजन. स्प्लेंडर भरते 112 किलोच्या आसपास, क्लासिक 350 भरते 195 किलो. म्हणजे युरियाची जवळपास दोन पोती जास्त. चालताना हे वजन कळत नाही, उलट गाडी रस्त्याला धरून वाटते. कळतं ते चाळीच्या अरुंद बोळातून गाडी मागे घेताना, उतारावर वळवताना आणि आडवी पडल्यावर उचलताना. सेल्समनसमोर लाजायचं कारण नाही. गाडी दहा पावलं मागे ढकलून बघा, मेन स्टँडला लावून बघा. एकट्याने जमत नसेल तर ती पहिली गाडी नव्हे.

ताकदीचं गणित शेतकऱ्याला पटकन समजेल. स्प्लेंडर साधारण 8 एचपीची, 150 सीसीची पल्सर 14 च्या आतबाहेर. चाकणला बनणारी केटीएम ड्यूक 390, तिचं 399 सीसीचं इंजिन 45 एचपीच्या घरात जातं. गावात नांगरट करणाऱ्या ट्रॅक्टरची ताकद, आणि गाडीचं वजन 170 किलोसुद्धा नाही! नवा गडी आणि तापट खोंड एकाच दिवशी कुणी औताला जुंपत नाही. गाडी वाईट नाही, पण घाबरून मूठ चुकून पिळली गेली तर 100 सीसीची गाडी सुधारायला वेळ देते, ही देत नाही. पहिल्या एक-दोन वर्षांसाठी 100 ते 125 सीसी पुरे. अंगापिंडाने उंच आणि हात बसलेला असेल तर 150.

ब्रेककडे मात्र काटकसर नको. 1 एप्रिल 2019 पासून नव्या गाड्यांत 125 सीसीच्या वर एबीएस आणि त्याखाली निदान सीबीएस सक्तीचं आहे. एबीएसमुळे जोरात ब्रेक दाबला तरी ते चाक लॉक होत नाही. सीबीएसमध्ये एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागतो. बजेट बसत असेल तर पुढे डिस्क असलेलं मॉडेल घ्यावं. चकचकीत अलॉय आणि स्टिकरवर तेवढेच पैसे घालण्यापेक्षा हे बरं.

पैशाचं थोडक्यात. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला, त्यावरच्या गाडीला 40 टक्के आहे. नव्या गाडीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम काढावा लागतो. 2022 ला ठरलेल्या दराने तो 75 ते 150 सीसीला 3,851 रुपये आणि 150 ते 350 सीसीला 7,365 रुपये आहे. किंमत विचारताना 'ऑन रोड' विचारा आणि त्यातच दोन आयएसआय मार्क हेल्मेट धरा. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचं आहे. 2022 साली देशात हेल्मेट नसलेली 50 हजारांवर माणसं दगावली, त्यातली 14 हजारांहून जास्त मागे बसलेली होती.

बरेच जण पहिली गाडी मुंबईतच जुनी घेतात आणि नंतर गावाला नेतात. सौदा स्वस्त पडतो, पण चारकोपच्या एका अंगाला खाडी आहे. खाऱ्या हवेने सायलेन्सर, रिम आणि चेसिसचे जोड गंजतात, वरून मारलेल्या रंगावर जाऊ नका, खाली वाकून बॅटरी लावून बघा. गाडी पावसाच्या पाण्यात बुडाली होती का ते विचारा. चेसिस नंबर आरसीशी जुळवा, नंबर टाकून ई-चलन बघा. सातबाऱ्यावर बोजा असतो तसा आरसीवर फायनान्सचा असतो. तो उतरलेला नसेल तर फायनान्सची एनओसी आणि फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. नाव बदलायला फॉर्म 29 आणि 30 लागतात, दुसऱ्या आरटीओच्या हद्दीत न्यायची तर फॉर्म 28 ची एनओसी. घेणाऱ्याला त्यासाठी 30 दिवसांची मुदत असते. सह्या घेतलेले कोरे फॉर्म वर्षभर कपाटात ठेवायची पद्धत विकणाऱ्याला भारी पडते, कारण मधल्या काळात अपघात झाला तर नोटीस जुन्या मालकाच्याच दारात येते.

राहिला गणपतीचा प्रवास. गाडी जूनमध्ये घेतली आणि गणपतीला थेट गावाला, असा बेत दरवर्षी पोरं आखतात. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे साताऱ्याकडच्यांना जुन्या हायवेने खंडाळ्याचा घाट चढून जावं लागतं आणि पुढे खंबाटकी आहेच. कोकणातल्यांना रात्रीचा ट्रॅफिक, पाऊस आणि समोरून डोळ्यावर येणारे लाईट. दोन महिन्यांचा हात त्याला पुरत नाही. पहिल्या वर्षी एसटीने नाहीतर रेल्वेने जावं. गाडी गावाला लागणारच असेल तर रेल्वेच्या पार्सलने पाठवता येते, बुकिंग मात्र गर्दीच्या आधी करावं आणि टाकीतलं पेट्रोल काढून द्यावं.