एसटीची पहिली पायरी

नारायणगावच्या स्टँडवर जुन्नरची गाडी लागली की दाराशी झुंबड उडते. परवा त्या झुंबडीत नऊवारीतली एक आजी होती. हातात पिशवी, पिशवीत गोळ्यांची पाकिटं आणि मेथीची जुडी. तिनं आधी पिशवी आत सरकवली, मग दोन्ही हातांनी दांडा धरला, उजवा पाय पायरीवर टाकला आणि तशीच थांबली. पाय वर, अंग खाली. मागच्या पोरानं दंडाला हात लावला तशी ती खेकसली, "राहू दे, येतंय मला." दुसऱ्या झटक्याला ती चढली. कंडक्टर कार्ड पाहून पुढं सरकला.

ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास फुकट आहे, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. सरकारनं भाडं माफ केलं, पण पायरी ज्याची त्यानं मांडीच्या जोरावरच चढायची आहे.

आमच्याकडची म्हातारी माणसं देवाजवळ फारसं काही मागत नाहीत. "चालतंबोलतं असताना ने रे बाबा," एवढंच. मरणापेक्षा अंथरुणाला खिळण्याचा धाक मोठा असतो. या धाकाचं वैद्यकशास्त्रानं मोजमाप केलेलं आहे. सिडनी कॅट्झ या अमेरिकी डॉक्टरांनी १९६३ साली सहा कामांची यादी मांडली: अंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, अंथरुणातून उठून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावर ताबा आणि आपल्या हातानं जेवणं. ही कामं वाटेल तशी सुटत नाहीत, असं त्यांना दिसलं. साधारणपणे अंघोळ आधी सुटते आणि घास तोंडात घालणं अगदी शेवटी. लहान मूल ज्या क्रमानं शिकतं, त्याच्या बरोबर उलट. पुढं १९६९ मध्ये लॉटन आणि ब्रॉडी यांनी त्याहून अवघड आठ कामांची यादी केली. फोन, बाजारहाट, स्वयंपाक, घरकाम, धुणं, प्रवास, औषधं वेळेवर घेणं आणि पैशांचा व्यवहार. गळती बहुधा इथून सुरू होते. म्हातारीनं बाजाराला जाणं सोडलं, ही बातमी घरात कुणाला बातमी वाटत नाही, पण ती तशी असते.

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं २०१७-१८ मध्ये देशभरात पंचेचाळिशीपुढच्या ७२ हजारांहून अधिक माणसांची पाहणी केली. साठीपुढच्यांमध्ये दर चौघांतल्या जवळपास एकाला पहिल्या यादीतलं किमान एक काम जड जात होतं. दुसऱ्या यादीतलं एखादं तरी काम जड जाणारे जवळपास निम्मे निघाले.

अर्थात या दोन्ही याद्या अमेरिकेत बसून केलेल्या. आंबेगावच्या पश्चिमेला, आहुपे खोऱ्यात त्यांचा अर्थ बदलतो. तिथल्या म्हातारीचे श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे दीड हजार खात्यात जमा होतात, पण काढायला गेलं की यंत्रावर अंगठा उमटत नाही. जन्मभर खुरपं, विळा आणि राख-मातीनं घासलेली भांडी यांनी बोटांच्या रेषाच पुसून टाकलेल्या. कागदावर ती पैशांच्या व्यवहारात परावलंबी ठरणार, कारण काय, तर काम फार केलं!

त्यामुळं डॉक्टर 'रोज चालत जा' म्हणाले की ही माणसं हसतात, यात नवल नाही. भाताच्या आवणीत दिवसभर कमरेत वाकून राहिलेली बाई. हिरड्याच्या झाडावर चढून बाळहिरडा झोडलेला गडी. मुंबईत उमेदीची सगळी वर्षं डब्यांची पाटी डोक्यावर वाहून गावी परतलेला म्हातारा. जुन्नर-आंबेगाव-खेडनं मुंबईला असे डबेवाले पिढ्यान् पिढ्या पुरवले. यांना कसला व्यायाम शिकवता? सवाल रास्त आहे. पण श्रम आणि व्यायाम शरीराला सारखे पडत नाहीत. श्रमात तोच सांधा, तीच हालचाल, दिवस मावळेपर्यंत. थांबायचं कधी, हे मालक ठरवतो नाहीतर पाऊस. व्यायामात ओझं थोडं, वेळ थोडा, आणि मधली विश्रांती आपल्या हातात. स्नायू भरतो तो त्या विश्रांतीत. म्हणून कष्टाचं आयुष्य ही म्हातारपणाची शिदोरी आहे, असं आपण धरून चालतो ते तितकंसं खरं नाही. अनेकदा ते गुडघे आणि कंबर आधीच खर्चून बसलेलं असतं.

आणि मग हे काम एका दिवसात थांबतं. डिंभे, माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे या धरणांचं पाणी कालव्यांनी खाली आलं, मळे बागायती झाले, ऊस-टोमॅटोचा पैसा आला, बंगला उठला. नळ घरात, पीठ दळून घरपोच, पोराच्या दारात मोटारसायकल. "आई, तू आता निवांत बस," हे वाक्य प्रेमाचंच असतं. सूनही हातातलं खुरपं काढून घेते ते मायेनंच. सासूला काम लावलं असं शेजारी बोलू नयेत म्हणूनही. माझ्या मते आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना आजारानं जेवढं बसवलंय, त्याहून कमी या मायेनं बसवलेलं नाही.

बसण्याची किंमत किती? पन्नाशीनंतर स्नायू दर वर्षी थोडा थोडा झडतो, आणि त्याचा जोर त्याहून वेगानं उतरतो. अमेरिकेतल्या एका प्रयोगात धडधाकट म्हाताऱ्यांना दहा दिवस नुसतं पलंगावर ठेवलं, तर प्रत्येकाच्या पायांतलं सरासरी जवळपास एक किलो मांस उतरलं. २००७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. आपल्याकडं तापातून उठलेल्या आजोबांना पंधरा दिवस "उतरू नका खाली" म्हणतो, तेव्हा हेच घडत असतं. ताप जातो, पाय परत येत नाहीत.

मात्र ते परत आणता येतात, आणि त्याला वयाची अट नाही. १९९० मध्ये बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांकडून आठ आठवडे मांडीनं वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला. त्यांच्यात शहाण्णव वर्षांचाही एक जण होता. मांड्यांचा जोर सरासरी पावणेतीन पट झाला. २०१४ मधला अभ्यास याहून मोठा, सत्तर ते एकोणनव्वद वयाच्या १,६३५ जणांचा. निम्म्यांनी अडीच वर्षांच्या वर नेमानं चालणं, ताकदीचे आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम केले. इतरांच्या मानानं त्यांच्यात चालणं बंद पडण्याचा धोका १८ टक्के कमी राहिला. फरक डोळे दिपवणारा नाही, पण गोळी घेऊन एवढाही पडत नाही.

आता 'पहाटे फिरायला जा' हा सल्ला. पुण्यातल्या बागेत तो ठीक आहे. जुन्नर वनविभागात पहाट आणि तिन्हीसांज बिबट्याची. उसात त्याची पिढीच्या पिढी वाढली. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे ते उगाच नाही. वनखातं सांगतं, एकट्यानं जाऊ नका, काठी आपटत, मोबाइलवर गाणी लावून जा, रानात वाकून किंवा उकिडवं बसताना सांभाळा. गुडघे धरलेली म्हातारी या सगळ्यात कुठं बसते? म्हणून इथला व्यायाम ऊन वर आल्यावर, नऊ-साडेनऊला, नाहीतर घरातच.

घरात काय करायचं, ते सोपं आहे. भिंतीला टेकवलेली हात नसलेली खुर्ची घ्यायची, हात छातीवर बांधायचे आणि उठायचं, बसायचं. सुरुवातीला पाच वेळा, मग दहा. बसताना धपकन पडायचं नाही, सावकाश टेकायचं. खरी कमाई तिथं आहे. ओट्याची कड धरून टाचा उचलायच्या. कड धरूनच एका पायावर उभं राहायचं, मग धरलेला हात हळूहळू सैल करायचा. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढच्यांना आठवड्याला किमान दीडशे मिनिटं हालचालीबरोबर तोल आणि ताकदीचे व्यायाम तीन दिवस सांगते, ते हेच. "गुडघ्यातलं वंगण संपलंय" म्हणून बसून राहणाऱ्यांनी तर आवर्जून करावं, कारण मांडी भरली की गुडघ्यावरचा भार हलका होतो. उठताना चक्कर येत असेल किंवा छातीत भरून येत असेल तर आधी डॉक्टर. स्नायू भरायला खाण्यातही परकं काही आणायला नको. हुलग्याचं शेंगोळं आणि बेसनाची मासवडी आपल्याकडं होतीच, म्हाताऱ्यांच्या ताटात मात्र अलीकडं चहा-खारीच जास्त दिसते.

लेण्याद्रीला गिरिजात्मजापर्यंत तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. खाली डोलीवाले उभे असतात. डोलीत बसणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही, पण पायथ्याशी बसून वर हात जोडणाऱ्या बायका पाहिल्या की वाटतं, यांतल्या कितीतरी जणी दोन महिने खुर्चीवर उठबस करून निदान पहिल्या टप्प्यापर्यंत गेल्या असत्या.

माझी आत्या मंचरजवळ मळ्यात राहते. दोन वर्षांमागं तापात पडली आणि उठल्यावर घरच्यांनी तिला ओट्यावर बसवलं ते बसवलंच. सहा महिन्यांत ती उंबऱ्याशी हात धरायला माणूस मागू लागली. मग एक दिवस नातवाची परीक्षा होती, सुनेला ताप होता आणि डेअरीला दूध घालायला कुणीच नव्हतं. आत्या किटली घेऊन निघाली. दीड लिटर दूध, डेअरी रस्त्याच्या वळणावर. परत यायला तिला पाऊण तास लागला, वाटेत दोनदा बांधावर बसली. दुसऱ्या दिवशी सुनेनं किटलीला हात लावला तर म्हणाली, "संध्याकाळचं तुम्ही घाला, तेव्हा बिबट्या असतो. सकाळचं माझं."