गळालेल्या संत्र्याचा स्क्वॅश विकता येतो का?

कारंजा (घाडगे), आष्टीकडून हा प्रश्न नेहमी येतो: आंबिया बहाराची, तोडणीच्या तोंडावर गळालेली संत्री फेकायचीच का? बघा, 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याला फळ पडलेलं की तोडलेलं याच्याशी घेणं नाही. सडकं, कुजकं मिसळलं की मात्र ते अन्न असुरक्षित. म्हणून आज पहाटे पडलेलं, साल न फुटलेलं फळ धुऊन घ्या. देठाशी काळं, मऊ लागलं तर थेट खड्ड्यात. "उकळलं की सगळं मरतं" हे अर्धंच खरं. जंतू मरतात, काही बुरशींचं विष उरतं. न उकळता रस विकणं तर आणखी धोक्याचं: 1996 मध्ये अमेरिकेत न तापवलेल्या सफरचंद रसातून ई. कोलाय पसरला, एक मूल दगावलं. आपल्या झाडाखाली तर शेणखतच असतं! नुकतीच फवारणी झाली असेल, तर चांगलं दिसणारं फळही घेऊ नका. आणि हो, घरून विकलं तरी नोंदणी लागते बरं का.