पाण्यात सोडण्याआधी

जुन्या पत्रांची चवड हाती लागली की आधी तिकीट सोडवायचा मोह होतो. तो जरा आवरावा आणि शिक्का वाचावा. गाव आणि तारीख लागत असेल, पाकीट धड असेल, तर तिकिटाला हात न लावता अख्खं पाकीटच जपून ठेवावं. शाळेत असताना आजोबांच्या ट्रंकेतली पाकिटं मी कात्रीने भराभर कापली होती. गावाच्या नावाची तीन अक्षरं तिकिटावर राहिली आणि उरलेली रद्दीत गेली. आता ती पत्रं कुठून निघाली होती, ते सांगायला कोणी उरलेलं नाही.

महर्षी कर्व्यांचं 15 नये पैशांचं तिकीट घ्या. त्यांना शंभर वर्षं पूर्ण झाली त्याच दिवशी, 18 एप्रिल 1958 ला, ते निघालं. हयात भारतीयाचं चित्र आपल्या तिकिटावर येण्याची ती पहिलीच वेळ. सुटं तिकीट फार महाग नाही. पण पाकिटावर त्याच तारखेचा शिक्का असेल, तर कात्री ड्रॉवरमध्येच राहू द्यावी.

पाकीट फाटकं असेल, शिक्का नुसता काळा डाग असेल, तर मात्र खुशाल सोडवा. चारी बाजूंनी बोटभर कागद ठेवून तुकडा कापायचा, म्हणजे तिकिटाचे दाते शाबूत राहतात. लाल, पिवळ्या, खाकी पाकिटांचे तुकडे वेगळे काढा. त्यांचा रंग पाण्यात उतरतो आणि शेजारच्या तिकिटाला लागतो. उथळ ताटात साधं पाणी घ्या, थंडीत किंचित कोमट. तुकडे चित्र वर करून सोडा, एका वेळी दहा-पंधरा. मग चहा प्या. पंधरा-वीस मिनिटांत डिंक विरघळतो आणि तिकीट आपसूक कागदावरून सरकतं. सरकत नसेल तर आणखी थांबा, ओढू नका: ओलं तिकीट नुकत्याच लाटलेल्या उडदाच्या पापडासारखं असतं, बोटाला चिकटलं की फाटलंच. सुटल्यावर पाठीवरून बोट फिरवून उरलेला बुळबुळीतपणा दुसऱ्या स्वच्छ पाण्यात घालवा. हे टाळलंत तर तिकीट पुढे ज्या कागदाला टेकेल त्याला पुन्हा घट्ट बसतं.

काहींना पाणी दाखवायचंच नाही. कोऱ्या तिकिटाचा मूळ डिंक गेला की त्याची किंमत पडते. स्टिकरसारखी तिकिटं पाण्याला दाद देत नाहीत. 2006 मध्ये टपाल खात्याने चंदनाच्या वासाचं तिकीट काढलं होतं, ते भिजवून वास घालवण्यात काय अर्थ? आणि 1852 चं लाल ‘सिंध डाक’ तिकीट सापडलं (सापडणार नाही, पण समजा), तर ते कागदाचंही नाही. लाखेच्या ठिसूळ चकतीवर उठवलेलं आहे. त्याच्या जवळ शिंकूही नये.

वाळवण्यासाठी टीपकागद हवा. वर्तमानपत्र नको, शाई लागते. तिकिटं पालथी पसरा. वाळताना कडा वळतात, घाबरू नका. कोरडी झाली की रात्रभर जाड पुस्तकात दाबून ठेवा.

खरी गंमत यानंतर सुरू होते, ती पाठीकडून. 1 एप्रिल 1957 ला दशमान नाणी आली तेव्हा भारताच्या नकाशाची नये पैशांची तिकिटं निघाली. माझ्याकडे त्यांचा ढीग होता आणि कित्येक वर्षं मी ती सगळी एकच समजत होतो. एक तिकीट काळ्या फरशीवर पालथं ठेवा आणि दिवा तिरपा धरा. कागदात फिकट आकृती दिसेल, तेच जलचिन्ह. नक्कल करणं अवघड जावं म्हणून कागद बनतानाच ते घातलेलं असतं. पहिल्या नकाशावाल्यांत चांदण्या दिसतात, 1958 पासूनच्यांत अशोकस्तंभाचे सिंह. चित्र तेच, किंमत तीच, कागद वेगळा. त्या संध्याकाळी माझ्या एका ढिगाचे दोन झाले.

दात्यांचंही तसंच. दोन सेंटीमीटरमध्ये जेवढी छिद्रं, तेवढा त्या तिकिटाचा आकडा. 13 म्हणजे दोन सेंटीमीटरमध्ये तेरा. आडव्या आणि उभ्या कडेचे आकडे वेगळे असू शकतात. त्यासाठी मापपट्टी मिळते, पण बारीक नजरेच्या माणसाला साधी फूटपट्टीही पुरते.

तिकीट उचलायचं ते चपट्या टोकांच्या चिमट्याने. बोटाचा घाम आज दिसत नाही, पुढे तांबूस ठिपके होऊन उगवतो. पट्ट्यांची स्टॉकबुकं उभी ठेवावीत, एकावर एक रचली की खालच्या पानांतली तिकिटं दबून चिकटतात. मुंबई-कोकणात हे जपायलाच हवं. माझ्या वह्यांच्या कपाटात जूनपासून सिलिका जेलच्या पुड्या असतात आणि पाऊस ओसरला की प्रत्येक वही पान-पान करून पंख्याखाली धरतो. उन्हात नाही, उन्हाने रंग उडतो.