लाकूड वाकते कसे?

मुलांनो, सोनईसारख्या गावात एखाद्या जुन्या घराच्या ओसरीवर तुम्ही कापडी आरामखुर्ची पाहिली असेल. दुपारचे जेवण झाले की आजोबा तीत रेलतात. शाळेच्या बाकावर तासाभरात अंग अवघडते. मग या खुर्चीत आराम का वाटतो? बाकावर बरेचसे वजन थोड्या जागेवर पडते. कापड मात्र अंगाप्रमाणे वाकते. त्यामुळे तेच वजन पाठ, कंबर, मांड्या यांवर विभागले जाते. वजन तेच, क्षेत्रफळ जास्त. म्हणून दाब कमी!

हेच काम लाकडाकडून करून घेता येईल का? जाड फळी वाकवून पाहा. तिची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते आणि शेवटी फळी कडकन मोडते. आता तुमची वही वाकवा. ती सहज वाकते, कारण पाने एकमेकांवरून सरकतात. कडेला पाहा, पाने तिरपी झालेली दिसतील.

प्लायवूड वाकवण्याची युक्ती हीच. लाकडाचे पातळ थर सरस लावून एकावर एक रचतात आणि साच्यात घालून उष्णता व दाब देतात. ओल्या सरसावर थर सरकतात, वाकतात. सरस वाळला की त्यांना परत सरकता येत नाही. आकार कायम!

लाकूड तंतूंच्या दिशेने सहज फुटते, हे सुतारमामांना विचारा. म्हणून एका थराचे तंतू उभे, तर पुढच्याचे आडवे ठेवतात. थर बहुधा विषम संख्येचे असतात. त्यामुळे मधल्या थराच्या दोन्ही बाजू सारख्या राहतात आणि फळी वेडीवाकडी होत नाही.

दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांच्या पायाला धातूच्या पट्ट्या बांधत. उचलून नेताना हादरे जखमेपर्यंत पोचत आणि जखम चिघळे. अमेरिकेतील चार्ल्स व रे ईम्स या पतिपत्नींनी प्लायवूडची, पायाच्या आकाराची आधारपट्टी बनवली. साचा घेतला तो चार्ल्सच्याच पायावरून! अमेरिकी नौदलाने १९४२ पासून ती वापरली. हाच अनुभव त्यांना १९५६ साली त्यांच्या प्रसिद्ध आरामखुर्चीसाठी उपयोगी पडला. तिचे डोके, पाठ आणि बैठक असे प्लायवूडचे तीन वाकवलेले भाग होते. प्रत्येकात पाच थर होते आणि वर चामड्याच्या गाद्या होत्या.

आता प्रयोग करा. जुन्या लग्नपत्रिकांच्या दोन बोटे रुंदीच्या पाच पट्ट्या कापा. त्यांना कणकेची खळ लावून एकावर एक ठेवा आणि तांब्याभोवती सुतळीने घट्ट बांधा. दुसऱ्या पाच पट्ट्या खळ न लावता दुसऱ्या तांब्याभोवती बांधा. दोन दिवसांनी दोन्ही सोडा. कोणत्या पट्ट्या बाक धरून राहिल्या?

आणि एक गंमत. ईम्स पतिपत्नींनी १९५८ साली भारत सरकारला एक अहवाल दिला. त्यात त्यांनी ज्या वस्तूचे सर्वांत जास्त कौतुक केले, ती वस्तू होती आपला साधा लोटा!