तयार आंबा आणि पिकलेला आंबा

आंबा ‘तयार झाला’ आणि आंबा ‘पिकला’ हे शब्दप्रयोग बाजारात सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात. बागायतदाराच्या लेखी मात्र त्या दोन वेगळ्या अवस्था आहेत. तयार आंबा म्हणजे वाढ पूर्ण होत आलेला: देठाजवळचे खांदे भरलेले, पण फळ हिरवे आणि कडक. कोकणात अशा फळाला ‘चौदा आणे’ म्हणतात. पिकणे त्यानंतरचे. त्यात पिठूळ स्टार्चची साखर होते, आंबटपणा उतरतो, गर मऊ पडतो.

काही फळांना झाडावरच पाड लागतो (ती तिथेच पिकू लागतात). त्यावरून झाडावर पिकलेला आंबा तेवढा नैसर्गिक आणि अढीतला (तोडून गवताच्या थरांत पिकवलेला) कृत्रिम, असा समज पसरला आहे. खरे तर तोडलेला आंबाही इथिलीन (पिकण्याला चालना देणारा, फळातच तयार होणारा वायू) सोडत राहतो. अढीतले गवत तो वायू आणि ऊब धरून ठेवते. रायपनिंग चेंबरमध्ये हाच वायू बाहेरून देतात. भारतात त्याला दहा लाख भागांत 100 भागांपर्यंत परवानगी आहे. बंदी आहे ती कॅल्शियम कार्बाइडवर. ओलावा लागताच त्यातून ॲसिटिलीन हा वेगळाच वायू निघतो, शिवाय त्यात आर्सेनिकचे अंश असू शकतात.

इथिलीनचे काम विरजणासारखे. दुधाला लावले तर दही लागते, पाण्याला लावून काही होत नाही. कोवळा आंबा अढीत घाला नाहीतर चेंबरमध्ये. साल पिवळी होईलही, गोडी येणार नाही. सुरकुतलेला, आंबट आंबा हाती आला तर दोष बहुधा पिकवण्याचा नसतो, घाईने केलेल्या तोडणीचा असतो.