प्रथिन संश्लेषणाची समाप्ती : पेशीतील विराम-संकेत

प्रथिनाची साखळी कोठे संपवावयाची, याचा निर्देश संदेशवाहक आरएनएमध्येच असतो. एकूण ६४ कोडॉनपैकी ६१ कोडॉन अमिनो आम्लांचे निर्देशक असून यूएए, यूएजी व यूजीए हे तीन विराम-कोडॉन होत. पहिल्या दोहोंची ओळख १९६५ मध्ये, तर यूजीएची १९६७ मध्ये पटली.

सामान्यतः विराम-कोडॉनशी जुळणारा वाहक आरएनए पेशीत नसतो. रायबोसोम तेथे पोहोचताच त्याच्या रिकाम्या स्थानी मोचक घटक हे प्रथिन येऊन बसते. जिवाणूंमध्ये आरएफ-१ हा घटक यूएए व यूएजी, तर आरएफ-२ हा यूएए व यूजीए ओळखतो. दृश्यकेंद्रकी पेशींत ईआरएफ-१ हा एकच घटक तिन्ही संकेत ओळखतो. मोचक घटकामुळे पाण्याच्या रेणूद्वारे साखळी व वाहक आरएनए यांतील बंध तुटतो आणि साखळी मुक्त होते.

येथे एका अक्षराचा बदलही घातक ठरू शकतो. बीटा-ग्लोबिनच्या ३९ व्या कोडॉनात सीएजीऐवजी यूएजी आल्यास १४६ अमिनो आम्लांची साखळी पूर्ण होत नाही. असा बहुतांश संदेश पेशी स्वतःच नष्ट करते. दोन्ही जनुकांत हा दोष असल्यास तीव्र बीटा-थॅलेसेमिया उद्भवतो. याउलट, अल्फा-ग्लोबिनच्या अखेरीस यूएएऐवजी सीएए आल्यास १४१ ऐवजी १७२ अमिनो आम्लांची साखळी बनते, तीही अत्यल्प प्रमाणात.

सारांश, विराम अकाली येणे व विराम चुकणे हे दोन्ही दोष रक्तविकारास कारण ठरतात. म्हणूनच अध्यापनात प्रारंभ व वर्धन यांइतकेच महत्त्व समाप्तीसही मिळावयास हवे.