अर्ध्या पावाची पैज

‘हेवन ऑफिशियल्स ब्लेसिंग’ या चिनी अ‍ॅनिमेशन मालिकेचं दुसरं पर्व 18 ऑक्टोबर 2023 रोजी सुरू झालं. दर आठवड्याला एक असे बारा भाग आले आणि तेव्हापासून तिच्या प्रेक्षकांत सरळ दोन तट पडले. एका तटाची तक्रार अशी की इतकी वाट पाहायला लावून हाती काहीच पडलं नाही. देव आणि भुतांचा राजा यांची प्रेमकथा म्हणून बघायला बसलो, तर दोघं बारा भाग नुसते एकमेकांकडे बघत राहिले. दुसऱ्या तटाला हेच पर्व पहिल्यापेक्षा सरस वाटतं. दोन्ही बाजूंचं म्हणणं नीट तपासलं की लक्षात येतं, वाद बराचसा मोजपट्टीचा आहे. प्रेम किती पुढे सरकलं हे स्पर्श आणि कबुली यांवर मोजायचं ठरवलं, तर हे पर्व नापासच होणार. पण या कथेत प्रेमाची परीक्षा वेगळी आहे. समोरच्याची बदनामी, दारिद्र्य आणि दुर्दैव दिसत असूनही त्याच्यावर किती विश्वास टाकता, ही ती परीक्षा. त्या कसोटीवर हे पर्व खूप पुढे जातं. त्यात खरी उणीव आहे, पण ती तक्रारीत सांगितली जाते ती नव्हे.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. मो श्यांग थोंग श्यू या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखिकेची ही कादंबरी 2017 ते 2018 या काळात जिनच्यांग या चिनी साहित्य-संकेतस्थळावर क्रमशः प्रसिद्ध झाली. दोन पुरुषांमधलं प्रेम रंगवणारा ‘दानमेइ’ नावाचा जो लोकप्रिय प्रकार चीनमध्ये आहे, त्यातली ती गाजलेली कृती. नायक शिए लिएन हा श्यानले राज्याचा युवराज. ऐन तारुण्यात तो देवपदाला पोचतो, प्रजेला वाचवण्याच्या हट्टापायी स्वर्गाचे नियम मोडतो आणि खाली फेकला जातो. राज्य बुडतं, देवळं जळतात, त्याचं नाव घेणारं कुणी उरत नाही. आठशे वर्षांनी तो तिसऱ्यांदा स्वर्गात जातो तेव्हा सगळ्या देवांत तो चेष्टेचा विषय झालेला असतो, आणि पृथ्वीवर भंगार गोळा करून पोट भरत असतो. त्याची भेट होते लाल वस्त्रांतल्या, चंदेरी फुलपाखरांचा थवा बाळगणाऱ्या हुआ चेंगशी. स्वर्गातले देव ज्याला टरकून असतात असा हा भुतांचा राजा. तो या विस्मृत देवाचा अखेरचा भक्त आहे. भक्तासाठी विटेवर तिष्ठत उभा राहिलेला देव आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे; इथे देवासाठी भक्त आठ शतकं तिष्ठतो. या नात्यात भक्ती आणि प्रेम वेगळं काढता येत नाही, आणि मालिकेची संथ लय इथूनच येते. भक्त देवाला घाई करत नाही.

आता दुसऱ्या पर्वातलं सर्वांत जास्त बोललं गेलेलं दृश्य घेऊ. शिए लिएन भूतनगरीत येतो. तिथल्या जुगारघरात लांग चियानचिउ हा तरुण देव गोंधळ घालून अडकलेला असतो आणि त्याला सोडवायला शिए लिएन पटावर बसतो. दैव इतकं फुटकं की पासे टाकले की दान खालचंच पडणार. त्याच्या अंगावरच्या शापबेड्यांपैकी एकीने त्याचं नशीबच शोषून घेतलेलं असतं. पणाला काय लावणार, असं विचारल्यावर त्याच्याजवळ निघतो अर्धवट खाल्लेला वाफेवरचा पाव. जिथे माणसं आपल्या आयुष्याची वर्षं डावावर लावतात, तिथे हा उष्टा पाव. पडद्याआडचा हुआ चेंग ती पैज मान्य करतो. मग बाहेर येऊन, पासे कसे हलवायचे ते त्याच्या हाताला हात लावून शिकवतो. भोवतालची भुतं अवाक होऊन बघतात, कारण त्यांच्या राजाला कुणी असं पाहिलेलं नसतं. ‘काहीच घडत नाही’ म्हणणाऱ्यांनी या प्रसंगात काय काय घडतं ते मोजून बघावं. पहिल्या पर्वात ‘सान लांग’ या तरुणाच्या वेषात वावरणाऱ्या हुआ चेंगने पुढच्या भेटीत खऱ्या रूपात समोर येण्याचं वचन दिलेलं असतं. ते इथे पाळलं जातं. सर्वस्व गमावलेल्याच्या शेवटच्या घासाला त्रिभुवनातल्या कुठल्याही ऐवजाइतकी किंमत दिली जाते. आणि नशिबाने ज्याला आठशे वर्षं एकटं पाडलं, त्याला नशिबाच्याच खेळात पहिल्यांदा भिडू मिळतो. प्रेमकथेला याहून ठळक पाऊल कोणतं हवं?

पर्वाचा उत्तरार्ध तर अनेकांना विषय सोडून भरकटलेला वाटतो. तिथे एक जुना रक्तपात उकरला जातो. शिए लिएनचं राज्य ज्यांनी उलथवलं त्या योंगआन घराण्याचा लांग चियानचिउ हा युवराज. एके काळी वेश बदलून शिए लिएन त्याचा गुरू झालेला असतो. राजवाड्यातल्या एका मेजवानीत राजकुटुंबाची कत्तल होते, आळ गुरूवर येतो आणि तो आळ शिए लिएन मुकाट्याने अंगावर घेतो. दोन वैरी प्रजा एकत्र नांदू शकतील ही शिष्याची श्रद्धा खरा गुन्हेगार कळला की मोडेल, म्हणून. आता शतकांनी तोच शिष्य भर स्वर्गसभेत त्याला ओळखतो, आणि शिए लिएन गुन्हा कबूल करून टाकतो. सगळा स्वर्ग त्याला खुनी मानायला एका क्षणात तयार होतो. हुआ चेंग मात्र स्वर्गात घुसून त्याला सोडवून नेतो आणि सत्य उजेडात येईल अशा वाटेवर आणतो. यात एकही गोड वाक्य नाही. तरीही मला हाच भाग पर्वाचा कणा वाटतो, कारण इथे शिए लिएनला पहिल्यांदा असं माणूस भेटतं जे खुलासा मागत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी खोटं अंगावर घेणाऱ्याला ‘तू हे केलं नसणार’ असं मानून चालणारं कुणी भेटणं, हे चुंबनापेक्षा कमी कसं?

यावर पहिला आक्षेप असा की या संयमाला कलेचं नाव देऊ नका, ही सरळ सेन्सॉरची कात्री आहे. आक्षेप हवेतला नाही. याच लेखिकेच्या दुसऱ्या कादंबरीवरची ‘द अनटेम्ड’ ही 2019 ची मालिका नायकांच्या प्रेमाला मैत्रीच्या चौकटीत बसवूनच पडद्यावर आली. सप्टेंबर 2021 मध्ये चीनच्या प्रसारण नियामकाने पडद्यावरच्या ‘बायकी’ पुरुषांविरुद्ध फर्मान काढलं आणि अशा कथांवरच्या मालिकांची वाट आणखी बिकट झाली. ‘हेवन ऑफिशियल्स’चं दुसरं पर्व त्यानंतरचं आहे, तेव्हा निर्माते हात राखून वागले असणार हे धरून चालायला हरकत नाही. ही बंधनं अन्यायाची आहेत, त्यांचं समर्थन करण्याचं काहीच कारण नाही. पण या पर्वापुरतं पाहिलं तर सगळं माप कात्रीच्या पदरात घालता येत नाही. मूळ कादंबरी पाच भागांची आणि दोन्ही पर्वांत मिळून येते ती पहिल्या भागातली कथा. त्या भागात, मूळ मजकुरातसुद्धा, चुंबन नाही. प्रेमाची कबुली तर कितीतरी पुढे. लेखिकेनेच इथे नजर, शब्दांतली अदब आणि एकमेकांना दिलेली छोटी छोटी मुभा यांवर भिस्त ठेवली आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कादंबरीत काय आहे याच्याशी प्रेक्षकाला काय घेणं? पडद्यावरची कलाकृती स्वतःच्या पायावर उभी राहायला हवी. हे मला मान्य आहे आणि मालिका खरी कमी पडते ती इथेच. हुआ चेंगची निष्ठा कुठून आली, हे कादंबरीच्या दुसऱ्या भागात उलगडतं. तो भाग जवळजवळ सगळाच आठशे वर्षं मागे जातो: उत्सवाच्या मिरवणुकीत तटावरून कोसळणाऱ्या एका पोराला युवराज झेलतो, मग राज्याचा ऱ्हास, दुष्काळ, रोगराई, युद्ध. वाचकाला पहिला भाग संपताच तो हाती मिळतो. पान उलटायचा अवकाश. प्रेक्षकाला मात्र पर्व संपल्यावर रिकामं बसावं लागतं. त्यामुळे ज्या जखमांभोवती सगळा उत्तरार्ध फिरतो, त्या जखमा त्याने होताना पाहिलेल्याच नसतात. ची रोंग हे हिरव्या दिव्यांचं विक्षिप्त भूत पडद्यावर येऊन थयथयाट करतो, शिए लिएनशी असलेलं त्याचं रक्ताचं नातं सांगितलंही जातं, पण ते नातं तुटताना दाखवलेलं नसल्याने कानावरून जातं. श्यानलेच्या पतनातले दोन-तीन प्रसंग, अगदी पाच-सात मिनिटांचे का होईना, बारा भागांत मधूनमधून पेरले असते तर ‘संथ’ हा शब्द फारसा ऐकू आला नसता. मूळ क्रमाशी इमान राखण्याच्या नादात रूपांतरकारांनी पडद्याची गरज ओळखली नाही, हा दोष पुरता त्यांचा.

या दोषाला बाहेरच्या एका घडामोडीनेही धार आली. पहिलं पर्व 31 ऑक्टोबर 2020 रोजी सुरू झालं आणि फेब्रुवारी 2021 मध्ये त्याचा विशेष भाग आला. तेव्हा चीनबाहेरच्या बहुतेकांना मूळ कथा माहीत नव्हती किंवा चाहत्यांनी केलेल्या अनुवादांतून तुकड्यातुकड्याने माहीत होती. डिसेंबर 2021 पासून कादंबरीचा अधिकृत इंग्रजी अनुवाद आठ खंडांत येऊ लागला आणि पहिला खंड थेट न्यूयॉर्क टाइम्सच्या खपाच्या यादीत गेला. दुसरं पर्व येईपर्यंत त्यातले बहुतेक खंड बाजारात होते. म्हणजे मधल्या काळात प्रेक्षकच बदलला. पुस्तकं संपवून बसलेल्याला पुढचे भावनिक कडेलोट ठाऊक असल्याने हे पर्व नुसती पूर्वतयारी वाटतं, तर न वाचलेल्याला संकेतांचा अर्थच लागत नाही. दोघेही ‘हळू आहे’ असंच म्हणतात, पण त्यांची कारणं एकमेकांच्या अगदी उलट आहेत. आपल्याकडे ही मालिका सबटायटल्स वाचत बघणारी जी तरुण मंडळी आहेत, त्यांच्यातही हे दोन्ही गट सापडतील.

चित्रांबद्दलच्या कुरकुरीला फार जागा द्यायची गरज नाही. पहिलं पर्व हाओलायनर्सने केलं होतं, दुसरं रेड डॉग कल्चर हाउसने, आणि हात बदलला की चेहरेपट्टी थोडी बदलणारच. पहिल्या पर्वातल्या डोंगरावरच्या लग्नपालखीच्या दृश्याची धुक्याळ जादू काहींना दुसऱ्यात सापडली नाही. मला भूतनगरीचे तांबूस कंदील आणि गजबज त्या जादूच्या तोडीची वाटते. च्यांग क्वांगथाओचा शिए लिएनसाठीचा थकलेला, सोशिक आवाज तर दोन्ही पर्वांना एका धाग्यात बांधतो.

ज्यांनी मधेच कंटाळून मालिका सोडली असेल त्यांच्यासाठी एक सुचवावंसं वाटतं. कादंबरीचा दुसरा भाग आधी वाचावा आणि मगच जुगारघरापासून हे पर्व पुन्हा लावावं. पडद्यावर त्यामुळे काही बदलणार नाही, पण तो उष्टा पाव घेणाऱ्याने कोणाकडून काय घेतलं होतं हे तेव्हा ठाऊक असेल. आणि मालिका पुढे गेलीच, तर निर्मात्यांनी श्यानलेची कहाणी सलग, पूर्ण आणि घाई न करता सांगावी. दुसऱ्या पर्वाचं देणं त्यातूनच फिटेल.